पाचवं वचन

बाबा, मागच्या महिन्यात आपल्या गावचे पास्टर साहेब माह्या दुकानात आलते. मी आता मायसंग बालाघाटले मामाच्या घरी राहते, अन् बसस्टँडच्या मांगं पिको-फॉलचं एक दुकान आहे तिथं बसते. दुकानवाली बाई समोर गिऱ्हाइकं पाहते, मी पडद्याच्या मांगं खाली बसून साड्याले फॉल लावते. कोनाशी बोला लागत नाई म्हनून मले हे काम बरं वाटते. पास्टर साहेबाईनं बायकोची साडी देल्ली, अन् मंग पडदा सरकवून आतच आले. म्हने, "बेटा, यंदा गुड फ्रायडेले पाचवं वचन रिकामं आहे. तुह्या बाबाचं होतं. त्याईच्या मांगं कोनाले जमलंच नाई. तू घे न." मी सुईत धागा ओवत राह्यली, तो काही ओवल्या जाईना. तवा बाहेरून दुकानवाली बाई हसली, "साहेब, ह्या पोट्टीनं मले चहा पाह्यजे म्हनून सांगाले सहा महिने लावले, अन् तुमी हिले सभेत उभी करता?" पास्टर साहेब म्हनले, "हिचा बाप बी असाच होता. म्हनूनच त पाचवं." मी खाली पाहूनच म्हनलं, विचारून सांगते.

तुमाले मालूम आहे, तरी मी सगळं लिहून राह्यली, कारन ते दिवस मले एकापाठी एक लावून पाहाचे आहेत. आपल्या प्रार्थनाघरात गुड फ्रायडेले दुपारभर सात मानसं उठत. येशूनं क्रुसावर मरता मरता ज्या सात गोष्टी बोलल्या, त्या एकेक जन एकेक सांगे, अन् त्याच्यावर भाषन दे. शाळेतले, बँकेतले लोक मोठे मोठे वचनं घेत. तुमी सगळ्यात लहानचं घेत. पास्टर साहेब हिंदीत सांगा म्हनत, सगळेच हिंदीत सांगत, पन तुमी उठून घरी बोलाव तसेच बोलत, "मले तहान लागली." बस. भाषन नाई, काही नाई. चूप उभे राहत, मंग खाली बसत. बाहेर निघाल्यावर लोक तुमची मजाक करत, "तुमी त हॉटेलात बसल्यासारखं सांगता गा!" तुमी कान खाजवून हसत. मी तवा लहान होती अन् मले लाज वाटे की माह्या बाबाले बोलता येत नाई.

तुमी त्या देवाकडं गेलेच कसे हे मायनं मले सांगतलं. तुमी तिरोडीच्या मँगनीजच्या खदानीत होते, खाली खड्ड्यात उन्हाचा गोटा लाल होऊन जाये, अन् पान्याचा ड्रम वरतं. तुमच्या बाजूनं एक म्हातारा घन मारे, तो ख्रिस्ती होता. एक दिवस तुमचा घसा सुकून आवाज निघेना, तवा त्यानं आपली बाटली देल्ली अन् म्हने, "आमच्या देवानं बी असंच पानी मांगतलतं." तुमी पानी पेता पेता हसले. म्हनले, "देव कायले पानी मांगन? देवाले त आपन पानी देतो." तो म्हने, "आमचा मानूस बी होता." तुमाले ते पटलं का नाई मालूम नाई, पन पुढच्या रविवारी तुमी त्या म्हाताऱ्यासंग गेले, पानी मांगनारा देव कसा असते ते पाहाले. मंग जातच राह्यले. आजी म्हने, "पोरगं बिगडलं." आजी रोज सकाळी न्हाऊन तांब्याभर पानी महादेवाच्या पिंडीवर टाकत होती, तिच्या हिशोबानं देवाचं काम तेवढंच, गार राहाचं. पन तिनं तुमाले घरातून काढलं नाई. तुमी तिच्या देवाले नाई म्हनलं नाई. एकाच घरात दोघंही चालले.

मंग तुमच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा बालाघाटले जिल्हा दवाखान्यात मशीनवर बसा लागे. माय रोजीनं जाये, सुट्टी घेतली तर चूल बंद, म्हनून तुमच्यासंग मी येत होती. तशीच माही शाळा गेली. कोनी काढली नाई, मीच जाता जाता राह्यली. पहाटेची बस, खिडकीजवळ तुमी, बाजूले मी, पायाजवळ थैली. डागदरनं सांगतलतं, दिवसभरात एक लहान बाटली पानी, त्याच्यावर नाई, नाई त पानी छातीत भरन. तुमी बाटलीच्या टोपनात घेऊन पेत. कधी नुसतं तोंडात फिरवून परत थुंकत. कटंगीले बस थांबली की लोक उसाचा रस घेत, अन् तुमी तिकडं पाठ करून बसत. एकदा मी तुमाले विचारलं, आठवते का? मी म्हनलं, "बाबा, येशू देव होता त त्याले मालूम होतं न, तीन दिवसानं आपन उठनार आहो म्हनून. मंग त्याले काय एवढं दुखलं?" तुमी रागावले नाई. तुमी बाही वर केली, सुया टोचून टोचून तिथं गाठी गाठी झालत्या. म्हनले, "मले मालूम आहे, दुपारी सिस्टर सुई काढन. मंग टोचते तवा दुखत नाई का?" मी म्हनलं, "दुखते." तुमी म्हनले, "तसं." मंग लय वेळानं, पुढं कोनतंतरी गाव गेल्यावर, सोताशीच म्हनले, "मानूस नसता त त्याच्याशी मी काय बोललो असतो? अन् देव नसता त बोलून काय झालं असतं?" मले ते तवा समजलं नाई. आताही अर्धंच समजते.

तुमच्या शेवटच्या सालच्या गुड फ्रायडेले तुमचे पाय एवढे सुजलते की चप्पल जाईना. माय म्हने, नोका जाऊ. तुमी म्हनले, "माहं वचन आहे." उघड्या पायानं गेले. तुमी रस्त्यात पडान म्हनून आजी बी मांगं मांगं आली. ती आपल्या प्रार्थनाघरात पहिल्यांदा आली अन् आत नाई बसली, दारात चपलाईच्या बाजूले टेकली. लाइट गेली होती. वरतं टिना तापून कडकड वाजून राह्यल्या होत्या. चौथं वचनवाल्याचं भाषन संपता संपत नव्हतं, बायका पदरानं वारा घेऊन राह्यल्या होत्या. मंग तुमी उठले. समोरच्या खुर्चीची पाठ धरली. तुमचे ओठ फाटून त्याच्यावर काळी साल आलती. तुमी म्हनलं, "मले तहान लागली." अन् उभेच राह्यले. दरवर्षी उभे राहत त्याच्याहून जास्त वेळ. सगळे मान खाली घालून होते, कारन त्या वेळी मान खालीच घालाची असते.

तवा आजी उठली. कोपऱ्यात माठ होता, तिनं तांब्या बुडवला. मायनं पाह्यलं, पन तिले वाटलं, बुढी सोतासाठी घेऊन राह्यली. आजी पुरुष अन् बायकाईच्या मधातून सरळ तुमच्यापाशी गेली. "घे बापू," म्हनली. मायच्या लक्षात आलं, ती धावली, "नोका देऊ, आई! त्याईले चालत नाई!" आजी फिरली. माही आजी कधी चार लोकात बोलत नाई, तुमी अन् मी दोघंही तिच्यावरच गेलो. पन त्या दिवशी ती सगळ्या सभेवर ओरडली, "काहून चालत नाई? पोरगं भर सभेत पानी मांगून राह्यलं अन् तुमी हात जोडून बसले! मी रोज दगडावर पानी टाकते, तो दगड त मांगत बी नाई!" पास्टर साहेब उभे झाले अन् तसेच उभे राह्यले. तुमी आजीकडं पाह्यलं. मायकडं नाई, माह्याकडं नाई. दोन्ही हातानं तांब्या घेतला अन् सगळा पेले, न थांबता, पानी गळ्यावरून सदऱ्यात गेलं. मंग म्हनले, "बस झालं, माय." अन् खाली बसले. सहावं वचन "पूर्ण झालं" हेच असते, ते सांगनारा मानूस लय वेळ उठलाच नाई.

पन बस झालं नव्हतं. घरी आल्यावर तुमी माठापाशीच बसले. एवढ्या दिवसाची तहान होती. माय तुमच्या हातातून गिलास हिसके अन् आजी पुन्हा भरून दे. माय रडून राह्यली, शिव्या देऊन राह्यली, अन् आजी एकच म्हने, "मरनार आहे त तोंड ओलं असू दे." शनिवारी सकाळी तुमाले श्वास घेता येईना. शेजाऱ्याची जीप केली. कटंगीच्या पुढं तुमी मायच्या मांडीवर गेले. मी समोरच्या सीटवर होती, मले मांगं वळून पाहाची हिंमत झाली नाई. मी आरशात पाह्यलं.

सांजेले तुमाले नाल्याच्या पलीकडच्या जागेत पुरलं. दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. प्रार्थनाघरातून गाने ऐकू येऊन राह्यले, तो उठला, तो उठला, अन् आपल्या घरात चूल पेटली नव्हती. मी बारा वर्साची होती, बाबा, मले कोनी सांगतलं नाई अन् मी कोनाले विचारलं नाई. मी शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस धरले अन् सोमवारी उजाडता उजाडता तुमच्यापाशी जाऊन बसली. माती तशीच होती. त्याच्यावर कुत्र्याईचे पाय उमटलते. ऊन डोक्यावर येईपर्यंत बसली. मले वाटे, पहिल्यांदा मातीत उलीशी भेग पडन. माय मले हुडकत आली. काहून बसली म्हनून विचारलं त मी तिले खरं सांगतलं. तिनं माह्या कानाखाली एक देल्ली, अन् म्हनली, "तो देव होता! हा तुहा बाप होता!" मंग तिथंच मातीवर बसून तिनं मले उराशी धरलं. मायनं माह्यावर हात उचलला तो तवाच एकदा, त्याच्या आधी नाई, त्याच्या मांगं नाई.

त्या दिवसापासून माय आजीशी बोलली नाई. महिनाभरात आमी इथं मामाकडं आलो. मामानं मले इथल्या शाळेत टाकून पाह्यलं. मास्तर उभं करे अन् माह्या तोंडातून शब्द निघत नसे, पोरं हसत. मी सोडली. मामा चांगला आहे. त्याच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, पौर्निमेले सगळे पांढरे कपडे घालून बसतेत, मीही बसते. मामा कधी मले चर्चात जाऊ नको म्हनत नाई. रविवारी मी शेवटच्या बाकावर बसून येते. पन माह्याशी वाद घालाले त्याले आवडते, कारन मी उलटून बोलत नाई. म्हनते, "पाह्य बेटी, आमी म्हनतो, मानूस होता. मानूस असून एवढा मोठा झाला, म्हनून आमी हात जोडतो. तुमचा बी मानूस होता, चांगला होता, गरिबाचा होता. एवढ्यावर थांबा न! देव कायले करता त्याले? देवानं दुःख भोगलं त त्याच्यात काय मोठं?" मी मनात म्हनते, बाबा असते त बाही वर केली असती.

पास्टर साहेब येऊन गेले त्या दिवशी जेवता जेवता मी मायले सांगतलं. मायनं भाकर खाली ठेवली. "त्या गावात पाय ठेवाचा नाई," म्हनली. "तिथं येवढी मानसं होती. एकानं बुढीचा हात धरला नाई. ज्याच्यासाठी उपाशी बसलते त्यानं बी धरला नाई. मानूस होता त त्यानं समजाले पाह्यजे होतं, अन् देव होता त थांबवाले पाह्यजे होतं." मामा काही बोलाले गेला, तिनं त्याले हातानं चूप केलं. मंग मले म्हनली, "तू तिथं उभी राह्यली त मी समजन, तू बुढीच्या बाजूनं झाली." बाबा, मायनं धुनीभांडे करून मले मोठं केलं. तिच्या दोन्ही हाताले सोड्यानं भेगा पडल्या आहेत. तिले नाई कसं म्हनाचं? अन् तुमाले कसं म्हनाचं?

मंग मी एका रविवारी आपल्या गावाले गेली. मायले सांगून गेली. ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती, हौ म्हनली नाई, नाई बी म्हनली नाई. एवढ्या वर्सानं आजी लहान झाल्यासारखी दिसली. डोळ्यानं नीट दिसत नाई तिले. मले हातानं चाचपून म्हनली, "मामाच्या घरी उपाशी ठेवतेत का वं? हाडं लागून राह्यले." मी सांगतलं, पाचवं वचन मले देऊन राह्यले. मंग मले जे विचाराचं होतं ते मी विचारलं. मी म्हनलं, "आजी, तुले डागदरचं मालूम होतं न?"

"हौ," म्हनली. "मले सगळं मालूम होतं. तुही माय रोज सांगे."

"मंग काहून देल्लं?"

"तो मांगत होता."

"बाबा वचन सांगून राह्यले होते, आजी. ते येशूचं होतं."

"मले काय मालूम कोनाचं होतं?" आजी चिडली. "माह्या पोराचं होतं का तुमच्या देवाचं होतं. तोंड त एकच होतं. तू माय होऊन पाह्य, मंग मले विचार." मंग आवाज बारीक करून म्हनली, "त्या दिवसापासून मी पिंडीवर पानी नाई टाकलं. हात उठत नाई." मी तिच्यासाठी भात टाकला, तिची वेनी घातली अन् सांजेच्या बसनं परत आली. मी तिले माफ केलं असं नाई. मले माफ कराचं तरी काय आहे हेच समजत नाई. माय म्हनते ते खरं आहे, आजीच्या तांब्यानं तुमी गेले. अन् मी तुमाले टोपनानं पानी पेताना पाह्यलं आहे, ते बी खरं आहे. बसमध्ये मी हाच विचार करत होती की दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतेत, अन् मानसानं एक धराची म्हनलं त दुसरी सुटते. तुमी येशूचं सांगत ते असंच काही होतं का? मले नीट सांगता येत नाई.

पास्टर साहेबाईले मी हौ म्हनलं. उद्या गुड फ्रायडे आहे. पहाटेची बस आहे. मायले मी भांडे घासता घासता सांगतलं. ती म्हनली, "जा. पन घरी येऊन मले काही सांगू नको." मंग थोड्या वेळानं, माह्याकडं न पाहता, "सकाळी चहा पिऊन जाशीन." मी म्हनलं, उपास असते. ती म्हनली, "मले नोको शिकवू."

आता सगळे जेवून बाहेर बसले आहेत अन् मी हे लिहून राह्यली. भाषन तयार केलं नाई. तुमच्यासारखीच उभी राहीन, बोलता आलं त एवढंच बोलीन अन् बसीन. हे कागद मी कोनाले दाखवनार नाई, तुमच्या मातीवरही ठेवनार नाई, तिथं आता गवत आलं असन, वाऱ्यानं जातीन कुठं बी. मले फक्त एक गोष्ट सांगाची होती, ती पास्टर साहेबाईले सांगता येत नाई अन् मायले त नाईच नाई. चर्चात प्रार्थना सुरू झाली की सगळे डोळे मिटतेत, मीही मिटते, अन् येशूचं नाव घेते. पन नाव घेतल्याच्या पुढं मी त्याच्याशी एक शब्द बोलत नाई. एवढे वर्सं झाले, मी तुमच्याशीच बोलते. दुकानातलं सांगते, मायचे हात कसे झाले ते सांगते. तुमी देव नाई हे मले मालूम आहे, म्हनूनच बोलता येते. त्याचं मले वाईट वाटते, कारन तो देव असन त त्याले हे मालूम असन, अन् मानूस असन त त्याले लागत असन.